रणधीरच्या पोटातली जखम

…नाही, पण मला एक सांगा, ज्या कुणी हे लिहून ठेवलंय ना, की माणसाच्या पोटात भाला घुसला, तो रात्रभर झोपला, सकाळी आळोखेपिळोखे देत उठला आणि ठणठणीत… त्या माणसाला आयुष्यात कधी साधं नखुरडं तरी झालं असेल का? दाराच्या फटीत बोट सापडलं असेल का त्याचं? नाही सापडलं. सापडलं असतं तर असलं लिहायला हातच धजला नसता. अहो, जखमेचा काही मान आहे की नाही?

हो, सांगतो, कशाबद्दल बोलतोय ते सांगतो. आमचा एक खेळ आहे, टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी वैद्य, आणि एकाने गोष्ट चालवायची, म्हणजे राक्षस कुठून येणार, पूल कधी तुटणार हे त्याने सांगायचं, आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. गोष्ट चालवणारा मी. दर रविवारी दुपारी, डिंडोलीत, आमच्या घरी. कॉलेजात बरेच जण होतो, मग एक पुण्याला गेला, एक कॅनडाला गेला, एकाचं लग्न झालं म्हणजे तोही कॅनडालाच गेल्यासारखा… राहिलो तिघं. मी, अनुजा आणि मंदार. अनुजा फिजिओथेरपी शिकते, खेळात वैद्यीण आहे. मंदार इच्छापोरला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, बारा तासांची ड्युटी, आणि खेळात तो रणधीर. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून रणधीरच. मंदारला स्वतःचा वाढदिवस आठवत नाही, पण रणधीरच्या घोड्याचा आठवतो.

तर या खेळाच्या मूळ पुस्तकात एक रात्र झोपलं की सगळं भरून येतं. वर एक लाल औषध मिळतं, बाटली तोंडाला लावली की बरगडी जुळते. मी म्हटलं, हे आपल्या टेबलावर चालणार नाही. बाहेर बघा ना, बमरोलीच्या कारखान्यांत कुणाचं बोट मशीनमध्ये चेंगरलं तर दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून हजर, कारण सगळ्यांनी धरूनच ठेवलंय की झोपला म्हणजे बरा झाला. खेळानेसुद्धा हेच शिकवायचं? म्हणून मी घरचे नियम केले. झोपेने फक्त थकवा जाणार. लाल औषधाने फक्त रक्त थांबणार. आणि जखम खोल असेल तर रोज पहाटे फासा टाकायचा, बारा किंवा वर आला तर माणूस वाचला, खाली आला तर बिघडला, आणि तीनदा बिघडला की गेला. संपला. जखमेचा काही मान आहे की नाही?

आणि नुसतं एवढंच नाही. गोष्ट चालवणाऱ्यापुढे एक आडोसा असतो, त्यामागे तो गुपचूप फासा टाकतो. माझा साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा होता. तो मी सर्वांसमोर फाडला. म्हटलं, लपवून टाकलेला फासा म्हणजे भ्रष्टाचार. यापुढे सगळं उघड्यावर. अनुजाने टाळ्या वाजवल्या, मंदारने पण वाजवल्या… आणि त्यानंतरच्या पहिल्याच लढाईत घाटातल्या राक्षसाचा भाला कुणाच्या पोटात घुसावा?

रणधीरच्या. दुसऱ्या कुणाच्या घुसणार?

पहिली पहाट, फासा चार. दुसरी पहाट, फासा नऊ. आता राहिली एकच पहाट. तुम्हाला सांगतो, पंखा चालू होता तरी माझ्या मानेवरून घाम. रणधीर काळगाव नावाच्या गावात धर्मशाळेत पडलेला, अनुजाची वैद्यीण त्याच्या उशाशी, आणि इकडे मंदार फाशाकडे बघत बसलेला. मग तो म्हणाला, “अज्या, एक बोलू? रणधीर गेला ना, तर मी रविवारी झोपणार.”

मी म्हटलं, “झोपणार म्हणजे?”

“म्हणजे झोपणार रे. आठवड्यात एकच दिवस भेटतो. परत नवीन माणूस बनवायला माझ्यात जोर नाय आता.”

रागाने म्हणाला असता तर मी भांडलो असतो. तो रागाने म्हणालाच नाही. शिफ्ट बदलल्याचं सांगावं तसं सांगितलं. आणि मला कळलं, हा उठला की टेबल संपलं. दोघांत काय खेळणार? मी राक्षस आणि अनुजा वैद्यीण, ती राक्षसाचे गुडघे तपासणार?

अनुजा हळूच म्हणाली, “अजिंक्य, बाराचं दहा कर ना.”

“का? मित्र आहे म्हणून? मग माझ्यात आणि साहेबाच्या मेहुण्याला परमनंट करणाऱ्यात फरक काय?”

“छोड ने, अनुजा,” मंदार गुजरातीत म्हणाला. “टाकू दे त्याला. नियम त्याचा, हात त्याचा.”

मी फासा उचलला, मूठ हलवली… आणि तेवढ्यात माझी आई, शकुंतलाबाई, सेवखमणीच्या बशा घेऊन आत. “अरे, त्या पोराचं काय झालं? भालावाल्याचं?”

“आई, आत्ता नको. तो मरायला टेकलाय.”

“अगं बाई. आणि बघायला कोण कोण आलं?”

“आई, खेळ आहे.”

“खेळ आहे ते कळतं मला. पण माणूस पडलाय ना? तीन दिवस पडलाय म्हणतोस, आणि गावातलं एक माणूस फिरकलं नाही? असलं कसलं रे गाव तुझं?”

तुम्हाला सांगतो, मी सगळा विचार केला होता. रक्त किती जाणार, ताप कधी चढणार, हाड किती आठवड्यांनी जुळणार, सगळा. पण आमच्याकडे माणूस अंथरुणाला खिळला की गल्ली बघायला येते, हा नियम मी लिहायलाच विसरलो होतो. अनुजाने तो बरोबर पकडला. “काकू बरोबर बोलतायत. काळगावला पुरातून कुणी काढलं? रणधीरनेच. ते येणारच.”

मी म्हटलं, “येऊ दे. पण नुसतं येऊन बसल्याने आतडं शिवलं जातं का? तू फिजिओ आहेस ना?”

आई म्हणाली, “तुला डेंगू झाला तेव्हा काय झालं होतं?”

“सलाइन लावलं होतं.”

“सलाइन लावून सिस्टर गेली निघून. मग बाटली संपत आली की उठून सांगायला कोण जात होतं? मला तर खुर्चीतच डोळा लागला होता.”

मंदारने नुसती बशी पुढे ओढली आणि कांदा वेगळा काढायला लागला. तोच जात होता हो. ड्युटीवरून परस्पर यायचा.

ठीक आहे. मी म्हटलं, नवा नियम. पण उघड, सगळ्यांसमोर, आणि दोन्ही बाजूंनी. जो बघायला येईल त्याच्यामागे फाशाच्या आकड्यात एक वाढणार. पण जो येऊन इलाज सुचवेल किंवा घाबरवेल, त्याच्यामागे एक कमी होणार, कारण त्यानेही माणूस मरतो. मंजूर? मंजूर. आता काळगाव आत येऊ लागलं. सरपंच आला, म्हणाला, बिब्बा लावा. वाढला एक, गेला एक. त्याची बायको आली, म्हणाली, बाहेरचं काही असेल, उतरवून टाका. वाढला एक, गेला एक. तेली आला, तेल चोळा. पोटातल्या भोकावर, अहो! सोनार आला, माझ्या साडूला असंच झालं होतं, तो गेला. अनुजाच हे सगळे आवाज काढत होती आणि तिलाच थांबता येईना, कारण तिला घरी हेच ऐकायची सवय. अर्धं गाव आलं आणि बेरीज शून्य. शेवटी मंदार म्हणाला, “एक म्हातारी कुंभारीण येते. दाराशी बसते. काही बोलत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. पाय दाबते थोडे. जाते.”

एक. फक्त एक. म्हणजे आता अकरा आला तरी चालेल.

मी फासा टाकला. तो बशीला आपटला, फिरला, आणि बशीच्या कडेला टेकून तिरका थांबला. वरती सतरा. मंदार अर्धा उठला… आणि मग त्यानेच माझ्याकडे बघितलं, कारण टेकलेला फासा धरायचा नाही हासुद्धा आमचाच नियम. माझाच. अनुजा म्हणाली, “अजिंक्य, सतरा आहे.” आई म्हणाली, “सतरा म्हणजे चांगलं का?” आणि मला वाटलं, तो आडोसा मी कशाला फाडला, काय गरज होती, कुणाला दाखवायचं होतं… पण हात पुढे गेला. फासा उचलला. पुन्हा टाकला. या वेळी तो मध्यभागी गेला, कशालाही न लागता, आणि सपाट थांबला.

अकरा.

मंदारने माझी बशी घेतली आणि माझी सेवखमणीही खाल्ली.

झालं, वाचला. पण जखमेला मान म्हटल्यावर दीड महिना अंथरूण आलंच की नाही? आता प्रत्येक रविवारी मी राक्षसाची सेना तयार ठेवतो, घाटात धुकं सोडतो, नगारे वाजवतो… आणि हे दोघं धर्मशाळेत. आज कुणाला बघायला आणायचं, कोण नारळ आणेल, कोण बोलून घाण करेल. मंदार तर तोंडभर हसत पडून असतो. म्हणतो, “अज्या, एवढा आराम मला कुठेच नाय भेटत, घाई नको करू.” आणि आता शेजारच्या शोभाबाई पण येऊन बसतात, रणधीरची तब्येत विचारायला. परवा म्हटलं, पुरे, आता लढाई. राक्षस घाटातून खाली उतरतोय. तर शोभाबाईंनी मला थांबवलं. “थांब रे भाऊ, उतरू दे त्याला. भाला त्यानंच मारला ना? मग तो काय हात हलवत येईन? बघायला येतोय तो.”