माहुलीला बोललेला नवस

…नाही हो, मी रागावलेली नाही, मला फक्त एवढंच विचारायचंय, की माणूस इतिहास बघायला निघालं तर त्यानं बरोबर पोतंभर नारळ घ्यावेत का? तुम्हीच सांगा बायांनो. दशम्या घ्याव्यात, शेंगाचटणी घ्यावी, पाण्याचा फिरकीचा तांब्या घ्यावा, इथवर माझं काही म्हणणं नाही. पण नारळ? आणि तेही असे, की मोटारीत आपण बसायचं सोडून पोत्याला जागा द्यायची आणि पोत्यावर आपण बसायचं… अहो, आम्ही इतिहास बघायला निघालो होतो, जत्रेला नव्हे.

तुम्हाला सांगते, माझं माहेर कराडचं. इंग्रजी पाचवीपर्यंत शिकले, आणि आमचे मास्तर साताऱ्याच्या गादीचा इतिहास असा सांगायचे, असा सांगायचे, की आम्ही मुली वर्गात बसून छत्रचामरं बघायचो. मग लग्न झालं, इस्लामपूरजवळच्या ह्या मळ्यात आले, तेव्हापासून माझा एकच धोशा, मला एकदा सातारा नीट बघायचाय. आमचे हे म्हणायचे, गुऱ्हाळ संपू दे. गुऱ्हाळ संपलं की लावण, लावण झाली की भांगलण, भांगलण आटपते तोवर ऊस पुन्हा गुऱ्हाळाला तयार. ऊस काय हो, त्याला इतिहासाशी काय देणंघेणं? तो आपला उगवतोच आहे.

आणि एके दिवशी, लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यातली गोष्ट ही, आत्याबाई आपण होऊन म्हणाल्या, चला साताऱ्याला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. मी तर भाकरी तव्यावर करपवली आनंदानं. तेव्हा मला काय ठाऊक, त्यांच्या मनात काय होतं ते? आमचे धाकटे दीर, नाथाजी भावजी, ब्रह्मदेशाच्या जंगलात पलटणीबरोबर होते, आणि पावसाळा सरल्यापासून त्यांची कसलीच खबर नव्हती. घरात कुणी त्यांचं नाव काढत नव्हतं. आत्याबाई तर मुळीच नाही. त्या फक्त नारळ गोळा करत होत्या.

त्या काळातली मोटार म्हणजे कोळशावरची. पेट्रोल सगळं लढाईला गेलेलं, त्यामुळं पाठीमागं बंब लावलेला, त्यात कोळसा पेटवायचा, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं नि ढकलायचं. आमचे हे पंचा कमरेला बांधून ढकलतायत आणि वर बघून मला म्हणतायत, बैल जुंपले असते तर आत्तापर्यंत पोचलो असतो. वाटेत पोलिसांचा नाका. दिवस धामधुमीचे होते, तुम्हाला आठवतंय ना, कुठं रूळ उखडलेले, कुठं तारा तोडलेल्या, आणि त्यात हे आमचं पोतं. जमादारानं हात घातला तर आत गोल गोल काहीतरी. त्याचा चेहराच बदलला. एकेक नारळ कानाशी धरून हलवायला लागला, आणि एक काही वाजेना, तर त्यानं तो दगडावर ठेवून लांबून सोटा मारला. फुटला. खोबरंच निघालं, दुसरं काय निघणार? पण आत्याबाईंना वाटलं, नारळ फुटला म्हणजे वाढवला. त्या लगेच खाली उतरल्या, नाक्याच्या खांबाला हात जोडले, आणि सगळ्या पोलिसांना खोबऱ्याचा प्रसाद वाटला. तो जमादारसुद्धा टोपी काढून उभा… आता ह्याला इतिहास बघणं म्हणायचं का?

साताऱ्याला उतरलो. समोर अजिंक्यतारा. काय सांगू तुम्हाला, पुस्तकातल्या चित्रात तो असा तळहाताएवढा असतो, आणि इथं आख्खं गाव त्याच्या मांडीवर बसल्यासारखं. सकाळचं ऊन त्याच्या तटावर आलेलं, खालच्या अंगाला धुकं, माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. मी म्हटलं, चला, आधी वर जाऊ. आत्याबाईंनी काय करावं? जागच्या जागी डोक्यावरचा पदर नीट केला, एक नारळ रस्त्याकडेच्या दगडावर फोडला, किल्ल्याच्या दिशेनं हात जोडले आणि झालं. म्हणाल्या, वर कशाला जायचं, खालनं बी पोचतंय. आमचे हे म्हणाले, वर पाणी किती असेल गं? टाकी असतील बघ. एवढ्या उंचावर पाणी टिकवलं म्हणजे मानलं पायजे. माय म्हणते पोचलं, लेक पाण्याचा हिशेब करतोय, आणि मी? मी मान वर करून चालतेय, ठेचा खात.

मग राजवाडा. तेव्हा तिथं कोर्टकचेऱ्या भरायच्या. पण तुम्ही ते खांब बघायला हवे होते, बायांनो. आमच्या ह्यांनी एकाला कवेत धरून बघितलं, हात काही पोचेनात. लाकडावर वेलबुट्टी अशी काढलेली, जशी आपण दिवाळीत निवांत बसून रांगोळी काढावी, आणि त्या खांबांखाली माणसं बसलीत बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. निदान वावर तर आहे माणसांचा. मी एकेक खांब डोळ्यांत साठवतेय, तर आत्याबाई कुठायत? आत्याबाई उंबऱ्याशी चप्पल काढून मांडी घालून बसलेल्या, आणि उठायला तयार नाहीत. का? तर राजाच्या घरात आलोय, आणि त्यांची सवाष्ण सून कुंकू लावून घेतल्याशिवाय कशी माघारी जाईल. आता त्या कचेरीत कुंकू कोण लावणार? काळ्या कोटातले एक वकील आले, त्यांनी समजावलं की बाई, इथं आता राजे राहत नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, राजं नसूद्यात, घर हाय न्हवं? आवं, घराला तरी रीत कळती. शेवटी साक्षीला आलेल्या एका बाईनं कनवटीचा करंडा काढला, राजवाड्याच्या वतीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, तेव्हा आत्याबाई उठल्या. लोक हसत होते. मीही लाजले होते. पण खरं सांगू का, त्या बाईचं बोट कपाळाला लागलं ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की मी राजवाडा बाहेरून बघून आले नाही, आत जाऊन आले… आता हे मास्तरांच्या पुस्तकात कुठं बसवायचं?

तिथून टांग्यानं माहुलीला. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात ती माहुली. काय तो घाट, काय त्या पायऱ्या. दगड असे बसवलेत की सुरीचं पातं शिरणार नाही. पाणी अगदी संथ, देवळांची शिखरं त्यात उलटी, आणि काठाला छत्रपतींच्या घराण्याच्या समाध्या. मी एकेकीजवळ उभी राहून मास्तरांनी शिकवलेलं आठवतेय, आणि आमचे हे पायऱ्यांकडे बघून सुस्कारा सोडतायत, की ह्यातली एक ओळ मिळाली असती तर आपल्या विहिरीचं बांधकाम झालं असतं. मी म्हटलं, अहो, हळू, लोक ऐकतील.

आत्याबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यांना माणूस दिसायचं ते सावलीसारखं, मग त्या हातानं चाचपून बघायच्या. दिसेल त्या देवळाशी फोडत आल्यामुळं आता पोत्यात एकच नारळ उरला होता. मोठ्या समाध्यांशी त्यांनी हात जोडले, पण नारळ काही काढला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ह्यांच्यापाशी लय जण मागतात. आणि चालत चालत एका लहानशा चौथऱ्याशी येऊन थांबल्या. कुणीतरी फुलं वाहिलेली, शांत, बाजूला कुणी नाही. आत्याबाई तिथं बसल्या. नारळ दोन्ही हातांत धरला. आणि मग, बायांनो, इतक्या महिन्यांनी त्यांच्या तोंडातून पहिल्यांदा ते नाव आलं. म्हणाल्या, माझा नाथाजी सुखरूप घरी आण, त्याच्या हातानं तुला पुरणपोळीचा निवद दाखवीन.

पण मला ठाऊक होतं ना, ते काय आहे ते. मास्तरांनी सांगितलं होतं. ती समाधी शाहू महाराजांच्या कुत्र्याची.

आमच्या ह्यांना चौथऱ्यावरची ती दगडी कुत्र्याची आकृती दिसली, त्यांचं तोंड उघडायला लागलं, तशी मी त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते नदीकडं वळले. म्हटलं, बोलू नका. पोर लढाईवर आहे, आईनं नवस बोललाय, आणि आता तिला सांगायचं की तू कुत्र्यापुढं पदर पसरलास? तिला वाटणार, नवस फुकट गेला, अपशकुन झाला. ती हाय खाईल. त्यापेक्षा गुपचूप घरी जाऊ, देवाला काय कळायचं ते कळेल… असं मी ठरवतेय, तोवर आत्याबाईंचा हात दगडावरून फिरायला लागला. पाठ. मान. मग वर. आणि थांबला.

"मनू," त्या म्हणाल्या, "ह्याला कान हाईत गं."

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? नंदी म्हणून सांगितलं असतंत? माझ्याही जिभेवर आलं होतं. पण त्या बाईचा चेहरा असा माझ्याकडे वर केलेला, आणि मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, आत्याबाई, ते महाराजांचं कुत्रं आहे, खंड्या म्हणतात त्याला. आणि मग भीतीनं मी सगळं एका दमात सांगून टाकलं, की महाराज शिकारीला गेले होते, वाघ अंगावर आला, ह्या कुत्र्यानं त्यांना वाचवलं असं सांगतात, म्हणून महाराजांनी त्याची समाधी बांधली, आणि आत्याबाई, आपण दुसरा नारळ आणू, देवळात जाऊ, तिथं नव्यानं बोलू…

त्यांचा हात तिथंच, दोन कानांच्या मधे. आपण कुत्र्याला डोक्यावर खाजवतो ना, तिथं.

"धन्याचा जीव राखला म्हणतीस?"

म्हटलं, असं सांगतात.

"मग बरोबर जागी आलोय," आत्याबाई म्हणाल्या. "देवाला समद्या जगाचं बघावं लागतंय. ह्याला एकाचंच बघायचं ठावं हाय."

आमचे हे नदीकडंच तोंड करून उभे होते. पंच्यानं डोळे पुसत होते. मला म्हणाले, कोळसा गेला डोळ्यात. आता माहुलीला कोळसा कुठनं आला, तुम्हीच सांगा.

पण थांबा, एवढ्यावर संपलं असतं तर मी कशाला कुरकुरत बसले असते? आत्याबाईंच्या मनात आलं, कुत्र्याला बोललेला नवस कुत्र्याच्या रीतीनंच फेडला पाहिजे. पुरणपोळी आहेच, शिवाय आमच्या दारातून कुत्रं म्हणून उपाशी जाणार नाही, जन्मभर. आमचे हे म्हणाले, आई, जरा बेतानं. पण बोलून झालं होतं. आणि नवस कधी फेडतात? काम झाल्यावर ना? आत्याबाई म्हणाल्या, कुत्र्याला काय कळतंय आदी आन मागनं, त्याला भूक आत्ता लागलीया. घरी पोचलो त्या संध्याकाळपासून सुरू. पहिल्यांदा आमचीच दोन होती. मग शेजारच्या मळ्यातली आली. मग गावातली. पुढं पुढं तर पार लांबच्या कडेगावच्या पाहुण्यांनी शपथेवर सांगितलं की त्यांच्या आळीतलं एक पांढरं कुत्रं आमच्या खळ्यात बघितलं… आणि ह्या सगळ्यांच्या भाकरी कोण थापणार? इतिहास शिकलेली सून.

लढाई संपली. माणसं परत यायला लागली, कुणी आली, कुणाच्या घरी नुसती तार आली. आत्याबाई तशाच खळ्यात बसून भाकरी मोडून घालायच्या. आणि पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी बाहेर असा कालवा उठला कुत्र्यांचा, की मी परातीतले हात तसेच घेऊन धावले. बघते तर बांधावर खाकी कपड्यातला एक वाळका माणूस, ट्रंक पुढं धरून उभा, भोवती सगळी पलटण भुंकतेय, त्याला पाऊल टाकू देत नाही, आणि तो ओरडतोय, वहिनी, आवं वहिनी, मी हाय. जपान्यांच्या गोळ्यांतून वाचून आलेला माणूस आमच्याच बांधावर अडकलेला. कुत्र्यांचा तरी काय दोष, आमची दोन सोडली तर सगळी नवी भरती, ह्याला ओळखणार कशी?

आत्याबाई भिंत धरत बाहेर आल्या. त्यांना दिसत तर काही नव्हतं. आवाज ऐकला. आणि लेकाला हाक मारायची सोडून त्या कुत्र्यांना म्हणाल्या,

"सोडा रं त्याला. ज्याच्यासाठी जेवलासा, त्योच हाय त्यो."

आणि मग त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून बघितलं.

आता तुम्ही डोळे पुसू नका, कारण माझं गाऱ्हाणं अजून राहिलंय. नवस फेडायला नाथाजी भावजींना घेऊन माहुलीला जायचं ठरलं. मी पातळ काढून ठेवलं, मनात म्हटलं, आता ह्या खेपेला अजिंक्यतारा. तर आत्याबाई म्हणाल्या, सगळेच गेलो तर कुत्र्यांना कोण घालणार? बोललेलं मोडायचं नाही. एकानं घरी राहायला पाहिजे. तेव्हापासून दर वर्षी माघात सगळे जातात. आमचे हे जातात, भावजी जातात, आता भावजींची बायको जाते. येताना मला कंदी पेढे आणतात, आणि खांब कसे होते, घाट कसा होता ते सगळं नीट सांगतात. आणि यंदा तर, तुम्हाला सांगते, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळं आत्याबाई भावजींचा हात धरून अजिंक्यताऱ्यावर चढून आल्या. म्हणाल्या, मनू, लय बघण्यासारखं हाय गं वर, तू एकदा जायाच पायजेस.

म्हटलं, जाईन की. कणगीतले जोंधळे संपले की जाईन.