आज्याचा घास

वाईच्या स्टँडवर बसची वाट बघता बघता मुकुलचे तीन पेढे खाऊन झाले होते. चौथ्यासाठी तो हटून बसला, तेव्हा स्वानंदीचं लक्ष शेजारच्या बाकावर गेलं. त्याच्याच वयाची एक पोर तळहातावर पेढा घेऊन आईशेजारी केव्हाची नुसती बसली होती.

"खात का नाही हो ती?"

"माया व्हय? आमच्यात थोरल्यानं घास घेतल्याबिगर पोरं तोंड लावत न्हाईत, ताई."

"मग तुम्ही घ्या ना."

"मी घिऊन बघितला. तिला आजाच लागतोय."

"कुठे आहेत आजोबा?"

"आवं, मामंजी जाऊन वरीस झालं."

"अगं बाई! मग रोज जेवते कशी?"

"अशीच वाट बघती. मग एकदम जेवाय लागती. आमी काय इचारत न्हाई."

"आये, सरक की. आज्याला बसू दे."

पोरीची आई सरकली. मायानं रिकाम्या जागेपुढं हात धरला.

स्वानंदीनं घाईघाईनं चौथा पेढा मुकुलच्या हातावर ठेवला.

"घे, खा. चल, तिकडे उभे राहू."

"थांब ना, आई. त्या आजोबांचं खाऊन होऊ दे."