ब्रेकमधली हवा

—नाही, नाही, किल्लीला हात लावू नका, आधी ब्रेक बघू द्या. पत्रा ठोकून बघितलात, टायरला लाथ मारून झाली — प्रत्येक गिऱ्हाईक टायरला लाथ का मारतं देव जाणे — आता जरा त्या स्टुलावर बसा. मुलीनं जाहिरातीत 'उत्तम स्थितीत' लिहिलंय, होय ना? लिहू दे. फोटो काढताना नाकाला रुमाल लावून उभी होती, तिला काय कळतंय? इंजिन उत्तम आहे, ते मी स्वतः उतरवून बांधलंय. हा छोटा दांडा बघा, पुढची चाकं जोडायचा — आधी अडकायचा, आता बोटानं पडतो. चारही चाकं ओढायला लागली की चिखलातनं ही जीप हसत हसत बाहेर येते. पण ब्रेकमध्ये हवा आहे. पेडल पार खाली जातं. बाहेरचा उतार बघितलात ना? खालच्या वळणापर्यंत पोचाल, पुढचं मी काही सांगत नाही.

हवा येते कुठून? तेच तर. मास्टर सिलिंडर बदलला, रबरं बदलली, नळ्या बदलल्या, सगळं या हातांनी. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, काका, तुमच्यासारखे आणखी दोघं निघाले तर मला दुकानाला टाळं लावावं लागेल. पण एक काम एकट्याचं नाही — ब्रेकची हवा काढणं. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागे आडवं पडून निपल — हवा सोडायची बारीक तोटी — सैल करायचं, बुडबुडे बाटलीत काढायचे, निपल आवळायचं, आणि मगच म्हणायचं, सोड. त्याआधी पाय उचलला की झालं, हवा परत आत! जावयाला बसवलं एकदा, तर त्याचा फोन वाजला. भाऊ बसायचा, तो गप्पाच मारायचा. आमच्या हिनं मात्र एकदाही चुकवलं नाही. मी खालून 'दाब' म्हणायचो, ही वरून 'धरलंय' म्हणायची, आणि मग हलायचं नाव नाही. एकदा डोळ्यात ब्रेक ऑइल उडालं, मी धावलो नळावर, बराच वेळ डोळे धूत राहिलो, परत येतो तर ही पेडल दाबून तशीच. पाय थरथरत होता हो. म्हटलं, अगं, उठायचं नाही का? तर म्हणते, तुम्ही 'सोड' कुठं म्हणालात?

आता? आता ती आत असते. ती खिडकी — पडदा दिसतोय ना, ती. झटका आला मागच्या थंडीत, उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील अशी आशा ठेवू नका. मुलीला ओळखते की नाही, कळत नाही. मला तर — जाऊ दे. एक दिवस मी इथं गाडीखाली होतो, एकटाच, आणि सवयीनं तोंडातनं गेलं, दाब. आणि खिडकीतनं आवाज आला — धरलंय. स्पष्ट! पूर्वीसारखाच, थोडा वैतागलेला. पाना पडला माझ्या हातातनं. धावत आत गेलो, समोर बसलो, म्हटलं, बोल ना, आणखी काहीतरी बोल. काही नाही. भिंतीकडे बघत होती. समोर बसून 'दाब' म्हटलं तर बोलत नाही, इथं नुसतं आडवं पडून म्हटलं तरी नाही. खरंच काम चालू असावं लागतं, पाना वाजावा लागतो. फसवून चालत नाही तिला, कधीच चाललं नाही.

तेव्हापासून मी रोज — काय? हो, रोज हवा काढतो, पेडलला काठीचा टेकू लावून. रोज कशी भरते म्हणजे? असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला गाड्या कळतात हे आधी सांगायचं होतंत. निपल मीच सैल करून ठेवतो. मीच. चांगला ब्रेक, आणि मीच रोज त्यात हवा घालतो. मुलगी म्हणते, गाडी जाऊ दे बाबा, इथं गॅरेजात ऊन छान येतं, आईसाठी खोली काढू. बरोबरच आहे तिचं. मी हो हो म्हणतो, आणि गिऱ्हाईक आलं की पेडल दाखवतो. तुमच्या आधीचे सगळे त्यावर पाय ठेवून परत गेले.

हल्ली ती उशिरा बोलते. काल पुन्हापुन्हा म्हणावं लागलं. आज सकाळी — आज मुलगी आत खुडबुडत होती, म्हणून मला ऐकू आलं नसेल. तसंच असणार. या, बसा सीटवर. मी म्हटलं की दाबायचं, सोडा म्हणेपर्यंत हलायचं नाही. आणि तोंडानं काही म्हणू नका, उत्तर तुम्ही द्यायचं नाही. थांबा, खाली शिरतो... हं. लावला पाना.

दाब!

...सोडा. परत.

दाब गं!

...पडदा हलला का? तुम्हाला तिथनं दिसतोय. नाही? वारा नसेल. सोडा. शेवटचं एकदा.

दाब ना. अगं, मी आहे. दाब.

...

आवळलं. सोडा. आता पेडलवर पाय ठेवून बघा — टणक लागलं ना? लागणारच. गेली सगळी हवा. किल्ली तिथंच आहे, लावा. उतारावर पहिल्या गिअरमध्येच उतरा. नाही, मी इथंच पडून राहतो जरा. कागद मुलीकडून घ्या. मला काही विचारू नका. गाडी पुढे घ्या, मी चाकाखाली नाहीये. निघा.