चालू गाडीवरच्या भेटी

मी, गॅरेजवाला, वय वर्षे चोपन्न, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

साहेबांनी माझ्याविरुद्धच्या तक्रारीत नुकसान म्हणून गाडी ओढून नेण्याचे भाडे, नवी बॅटरी, बुडालेला दिवस आणि मनस्ताप असे सांगितले आहे. गाडी बंद पडायला खरे लागले ते एवढेच: एक स्क्रू ड्रायव्हर आणि मनगटाची अर्धी फिरकी. सामान काही लागले नाही. मनस्ताप माझ्याकडे आधीचाच पडून होता, तो वापरला.

साहेब म्हणजे लोकांकडे सांभाळायला दिलेल्या मुलांच्या घरी दर महिन्याला भेट देणारे समाजसेवक. आम्हा नवरा-बायकोला मूल नाही. गेल्या वर्षी बालकल्याण कमिटीने नऊ वर्षांची एक मुलगी आमच्याकडे सांभाळायला दिली. ती बारीक आवाजात दिवसभर बोलत असते म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिचा सहा वर्षांचा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंकडे दिला. दोघांनाही आम्हाला द्या असे मी तेव्हा म्हणालो होतो. साहेब म्हणाले, "हौस एकाच पोराने फिटेल तुमची."

भेटीला आलेल्या माणसाने घरात यावे, मूल झोपते ती जागा पाहावी, मुलाशी एकट्याने बोलावे, असा नियम आहे. तो साहेबांनीच आम्हाला समजावून सांगितला होता. पण ते आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. फाटकाशी गाडी, इंजिन चालू, डोक्यावर हेल्मेट, त्याची काच बोलण्यापुरती बोटभर वर. "काय, बरंय ना सगळं?" एवढे विचारायचे, बायकोची सही घ्यायची आणि रेस द्यायची. मी कामात असलो तरी मला हे कळायचे, कारण माझा कान इंजिनांवरच पोसला आहे. ते इंजिन आमच्या दारात एकदाही बंद झाले नाही.

चिमणी दर वेळी फाटकाशी पळत जाऊन एकच विचारायची, "माझा भाऊ कसा आहे?" मागच्या भेटीत साहेबांनी दिलेले उत्तर मी स्वतः ऐकले. "मजेत आहे. तुझी आठवणसुद्धा काढत नाही." मुलगी आत आली. त्या दिवशी ती बोलली नाही. हे वाक्य आहे तसेच ठेवावे.

त्यानंतर साहेब गाडी घेऊन गॅरेजला आले. "मिस्त्री, पेट्रोल फार पिते हो. काहीतरी करा."

मी म्हणालो, "उभ्या उभ्या पीत असेल, साहेब." त्यांना ते कळले नाही. चहा पिता पिता म्हणाले, "तीसेक पोरं आहेत माझ्याकडे. एकेक पोर मला हजारात ओळखेल. बाप समजतात मला, बाप!" मी आणखी एक चहा मागवला, कारण मला थोडा वेळ हवा होता.

रेस सोडली की इंजिन बंद व्हावे, इतका कार्बोरेटरचा स्क्रू मी फिरवला. साहेबांना किकची सवय नाही, ते बटण दाबदाबून बॅटरी उतरवणार हे धरूनच होतो. ब्रेकचे लायनर झिजले होते, ते मी फुकट बदलून दिले. साहेबांनी पडावे अशी माझी इच्छा नव्हती. थांबावे अशी होती. हवालदारांनी आता विचारले, "मुद्दाम केलं, असं लिहू?" लिहा. सूड म्हणून केले. कडक इस्त्रीच्या शर्टात, भर उन्हात गाडी ढकलत ते आमच्या फाटकाशी येतील आणि मी विचारीन, "काय, बरंय ना सगळं?" असा बेत होता. त्यासाठी मी फाटकाशी खुर्चीसुद्धा टाकून बसलो होतो.

पण त्या दिवशी गॅरेजमधून निघाल्यावर साहेब आधी चिमणीच्या भावाकडे भेटीला गेले. दुपारी फोन आला, "अहो, काय करून ठेवलंत! साफ मेली गाडी. ताबडतोब या."

मी म्हणालो, "आत सावलीत बसा ना तोवर."

"बाई आत घेत नाहीत," असे ते म्हणाले. तेव्हा मी खुर्चीवरून उठलो.

मी पोहोचलो तेव्हा गल्लीत सामसूम होती. घराच्या मागून पत्र्यावर टकटक ऐकू येत होती. तीन ठोके, मग गप्प, पुन्हा तीन. साहेब म्हणाले, "मघापासून चाललंय. सुतारकाम असेल कुणाचं." सुतार ठोकताना मध्येच थांबून कानोसा घेत नाही. मी मागे गेलो. पत्र्याची खोली होती आणि कडी बाहेरून होती. रोजच्या वापरातली कडी चकाकते. ही चकाकत होती.

मी कडी काढली. मुलाने आधी विचारले, "गाडी गेली का?" मग म्हणाला, "गाडी आली की मी दर वेळी पत्रा वाजवतो. पण तिचाच आवाज मोठा असतो."

बाई म्हणाल्या, "फार खोड्या काढतो हो. म्हणून दुपारचा जरा ठेवते आत." मी मुलाला एका हाताने उचलले. दुसऱ्या हातात माझी हत्यारांची पेटी होती. दोन्हींत पेटी जड होती.

साहेबांनी मला बाजूला घेतले. "मिस्त्री, वाढवू नका. तुमच्याकडचं पोरही माझ्याच शब्दावर आहे. पोलीस केस झालेल्या माणसाकडे मूल ठेवत नाहीत, कल्पना आहे ना?" मी मुलाला माझ्या गाडीवर पुढे बसवून दवाखान्यात नेले. डॉक्टरांना काय दिसले ते त्यांनाच विचारावे. संध्याकाळी साहेबांनी माझ्यावर ही तक्रार दिली.

मुलाला सोडवल्याचे पुण्य माझ्या नावावर घालू नये. मला साहेबांची फजिती बघायची होती, तीही धड बघता आली नाही. मुलगा तूर्त आमच्याकडे आहे. दोघे आमच्याकडे राहतील की नाही ते कमिटी परवा ठरवणार आहे. माझ्यावर गुन्हा घालायचा असेल तर घालावा, पण तो स्क्रूचा घालावा. आपण प्रत्येक घरात जाऊन प्रत्येक मुलाशी बोलतो, असे साहेब इथेही सांगून गेले आहेत. त्याची चौकशी त्याच कमिटीपुढे, मुलांच्या देखत व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे. सहीआधी आजची एक गोष्ट तेवढी वाढवून घ्यावी. मघाशी साहेब ठाण्यात आले तेव्हा माझी बायको दोन्ही मुलांना घेऊन बाहेरच्या बाकावर बसली होती. चिमणीने सरकून साहेबांना जागा करून दिली आणि विचारले, "काका, तुमचं काय चोरीला गेलं?" साहेबांच्या डोक्यावर तेव्हा हेल्मेट नव्हते.