मुरबाडचा विक्रम

हसू नका, पण यंदा होळीच्या आधीच मुरबाडजवळच्या आमच्या वैशाखरे गावात इतकं तापलं, की मला घरात बसवेना अन् बाहेर उभं राहवेना. त्यात शहापूरकडच्या खर्डीचा माझा मेहुणा रोज फोनवर डिवचायचा, "भावजी, आमच्या शहापुरात बेचाळीस! तुमचं मुरबाड थंडच!"

मग मीपण हट्टानं थर्मामीटर आणला अन् शेतातल्या आंब्याला टांगला. दुपारी काटा सत्तेचाळीसवर! लगेच फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला : 'मुरबाडचा विक्रम!'

मेहुण्याचा फोन आला. "भावजी, फोटोत मागं धूर कसला?"

वळून बघतो, तर माझ्या वडिलांनी, आबांनी, बांधाखाली राब पेटवलेला. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आमी दरसाल माती भाजायला पालापाचोळा जाळतो ना, तोच. ग्रुपवर माझी अशी टर उडवली, की फोनच बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी थर्मामीटर गुपचूप ओटीवर टांगला, सावलीत, माठाशेजारी. दुपारी काटा चव्वेचाळीसवर! तेवढ्यात मेहुण्याचा फोन.

"काय भावजी, आज कुठला राब?"

"राब नाय रे. सावलीत हाय."

थट्टा सोडून तो म्हणाला, "अन् आबा कुठं हायत?"

आबा उरलेला राब भाजायला शेतावर गेलेले! मी अनवाणीच पळालो. बघतो तर आबा आंब्याखाली बसलेले, डोक्यावर ओला पंचा, हातात काडेपेटी.

"आबा, राब पेटवला नाय?"

"काडी कशाला फुकट घालवू?" आबा म्हणाले. "मातीला हात लावून बघ."