सुट्टीसाठी नव्या स्प्रिंगा

(घराच्या मागचं अंगण, सकाळची वेळ. ट्रॅम्पोलीनच्या दोन बाजूंना नवरा-बायको. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी, भिंगरी, तीन वर्षं त्यांच्याकडे राहिली, तेव्हापासून दोघं एकमेकांनाही मामा-मामीच म्हणतात.)

मामी: तेच म्हणतेय मी. दुकानदारानं बजावलं होतं, गंजलेल्या स्प्रिंगा दरवर्षी बदला. तुम्ही दोन वर्षं नुसतं तेल चोपडत बसलात.

मामा: तेल नाही, वंगण. आता ही तुझ्या बाजूनं अडकव. माझ्या बरोबर समोर. शेजारी नको.

मामी: ओळीनं लावत गेलो तर लवकर आटपेल.

मामा: ओळीनं लावलं की कापड एकीकडे ओढलं जातं, आणि शेवटच्या दहा काही केल्या बसत नाहीत.

मामी: हे शहाणपण आता. पहिल्या वेळी ओळीनंच लावत होतात. दुपारभर घाम गाळलात, आणि भिंगरी पायरीवर बसून मोजत होती.

मामा: एकोणचाळीसपर्यंत मोजायची. पुढे काय येतं ते तिला येत नव्हतं, की पुन्हा तिसावर. मला वाटलं, या जन्मात काही हे काम संपत नाही.

मामी: पाच वर्षांची होती हो. तिच्या आईला दवाखान्यात ठेवलं आणि तुम्ही हिला घेऊन आलात, तेव्हा आठ दिवस सोफ्याच्या मागे बसून जेवली. मी ताट खाली ठेवायची आणि पाठ फिरवायची. मी बघत असले की घास तोंडात जायचा नाही. तुम्हाला म्हटलं, पोर आईसाठी झुरतेय, काहीतरी करा. तर तुम्ही टेप घेऊन अंगण मोजायला लागलात.

मामा: मोजायलाच हवं ना. दहा फुटी बसत होती, पण चारी बाजूंना मोकळी जागा राहिली नसती. म्हणून आठ फुटी घेतली.

मामी: आणि झाडाची फांदी छाटलीत.

मामा: डोक्याला लागली असती.

मामी: दुकानातली हकिकत मला भिंगरीनं सांगितली. तुम्ही तिला मांडून ठेवलेल्या ट्रॅम्पोलीनवर चढवायला निघालात. दुकानदार म्हणाला, ही फक्त बघायला आहे. तुम्ही म्हणालात, मग घ्यायची की नाही हे हिला कळणार कसं? तेव्हा त्यानं मुकाट्यानं जाळीची चेन उघडून दिली.

मामा: तो मला आजोबा म्हणाला, हेही सांगितलं असेल.

मामी: तेच आधी सांगितलं. आणि हसली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

मामा: ही दुसरी घे. आकडा आत वळव.

मामी: जाळी धुऊन झाली, कडेची गादी उन्हानं फाटली होती ती नवी आणली. आता दहाच दिवस राहिले तिच्या सुट्टीला. आईकडे परत गेल्यापासून आठ महिन्यांत उंच झाली असेल, नाही? फोनवर आवाजसुद्धा मोठा वाटतो. ही पुरेल ना तिला अजून?

मामा: ती स्प्रिंग खाली ठेव जरा.

मामी: का? नीट बसली नाही?

मामा: मंगळवारी धाकटीचा फोन आला होता.

मामी: मंगळवारी? आणि मला आज सांगताय? बरी आहे ना ती? पाठ पुन्हा दुखायला लागली का?

मामा: पाठ ठणठणीत आहे. तिला पंधरा दिवसांची रजा मिळालीय. आजारातून उठल्यानंतरची पहिली. म्हणाली, दादा, या सुट्टीत मी हिला समुद्रावर नेते, आम्ही दोघीच. तीन वर्षं लेक तुमच्याकडे वाढली, माझी अजून तिच्याशी नीट ओळख व्हायचीय. असं म्हणाली. मग विचारलं, वहिनीला चालेल ना?

मामी: तुम्ही काय सांगितलंत?

मामा: चालेल म्हणालो.

मामी: बरं केलंत.

मामा: तुला सांगायचा धीर होईना. तू गादी घेऊन आलीस, तर म्हटलं, गादी बसवून होऊ दे. मग म्हटलं, जाळी वाळू दे.

मामी: आणि आज स्प्रिंगा लावायला उभे राहिलात.

मामा: हो.

मामी: भिंगरी काय म्हणाली?

मामा: खुशीत आहे. पोहायचा पोशाख घेतलाय, लाल. ट्रॅम्पोलीनची चौकशी केली. म्हणाली, शेजारच्या जुळ्यांना चढू दे, पण बूट काढून.

मामी: माझंच वाक्य ते.

मामा: ठाऊक आहे.

मामी: तुम्हाला एक कधी सांगितलं नाही. ती जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. मी इथे कपडे वाळत घालत होते आणि ती उड्या मारत होती. मध्येच ओरडली, आई, बघ! मी बघितलं.

मामा: मग?

मामी: मग तिच्या लक्षात आलं. खाली बसली आणि मोज्याचा सुटलेला धागा ओढत राहिली. मी म्हटलं, बघितलं गं, छान उंच गेलीस. मी मामी आहे, असं काही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. तिची आई तिकडे काठी धरून पाऊल टाकायला शिकत होती, आणि मी इथे ते ऐकून घेतलं. पुढे कितीतरी दिवस त्याच वेळेला कपडे वाळत घालायला यायची मी. वाळलेले असले तरी.

मामा: पुन्हा म्हणाली?

मामी: नाही. शहाणी आहे पोर.

मामा: अगं...

मामी: मला आता काही समजावू नका.

मामा: नाही समजावत. संध्याकाळी जुळ्यांना बोलावू?

मामी: उद्या बोलवा. आज नको.

मामा: बरं. उद्या.

मामी: धाकटीला फोन कराल ना?

मामा: तूच बोल की.

मामी: नको, तुम्ही बोला. सांगा, वारं लागलं की हिचा उजवा कान दुखतो, आणि समुद्रावर वारं असणारच. टोपी काढून फेकते, रुमाल बांधला तर ठेवते. आणि दुखलं तरी त्या दिवशी बोलायची नाही, दुसऱ्या दिवशी सांगेल. चावताना मान एका बाजूला करते, त्यावरून ओळखायचं.

मामा: सांगतो.

मामी: सगळं एकदम नका सांगू. बोलता बोलता सांगा. आणि मी सांगितलं असं म्हणू नका.