सरळ दिसणारं स्टिअरिंग

नाही नाही मिस्त्री, स्टिअरिंग उपसू नका, ते एकदा उपसून झालंय — म्हणजे, कुणीतरी उपसलंय. नटावरच्या खुणांवरून कळलंच असेल तुम्हाला. दोष खाली आहे, चाकाकडे जाणारा तो लांब दांडा वाकलाय. तो बदला, मग त्याची लांबी जुळवायची नळी फिरवून सगळं मधोमध आणा, आणि स्टिअरिंग परत मूळच्या खुणेवर बसवा. मला कसं ठाऊक? अहो, उभी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी. अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलाय.

जीप जावयांची. कामासाठी परगावी जाताना आमच्या दारात लावून गेले — बाबा, अधूनमधून सुरू करून ठेवा म्हणाले. सुरू करून ठेवा! नदीच्या पात्रात घाला असं नव्हते म्हणाले. पण माझे दोन जुने दोस्त आले, म्हातारा झालास म्हणाले, आणि मला चेव चढला. धोंड्यावर असं दणकन आपटलं पुढचं चाक, की परतताना गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं — मान मुरगळल्यासारखं. मग काय? अंगणाचं फाटक लावून घेतलं, नट सोडला, स्टिअरिंग ओढून काढलं आणि सरळ बसवलं. दिसायला सरळ. डावीकडे पुरतं वळत नव्हतं — हो, ते कळलं होतं मला. कळलं होतं. म्हटलं, इतकं कोण वळवतंय?

जावई आल्यावर सांगणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं — पण ते म्हणाले, बाबा, तुमच्याकडे गाडी ठेवली की घोर नसतो. आणि मी किल्ली ठेवली त्यांच्या हातात.

आणि मग उताराचं ते वळण. डावीकडचं. स्टिअरिंग अर्ध्यात अडलं आणि गाडी थेट पलीकडच्या कठड्यावर. चालवत होते जावई, शेजारी माझी लेक. मनगट मोडलं तिचं... मनगटावर भागलं म्हणायचं. ती नवऱ्याशी धड बोलत नाही तेव्हापासून. तुमचं लक्षच नसतं म्हणते. आणि तो पोरगा — जावई आहेत, पण पोरगाच की — माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "बाबा, माझा हात चुकला. तुमची मुलगी मला सांभाळता आली नाही."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, मिस्त्री. म्हटलं, होतं असं, गाडीवर हात बसेल हळूहळू. माफ केलं मी त्यांना! मी!

त्यांना वाटतंय, दांडा कठड्यावर आपटून वाकला. पण तुम्ही बघताय ना — त्या ओरखड्यावर गंज धरलाय. ताज्या माराला गंज नसतो. खरं सांगू? आज हट्टाने सोबत आलो तो एवढ्यासाठीच, की तुम्हाला बाजूला घेऊन म्हणावं, गंजाचं तेवढं बोलू नका. तुम्ही तसे भले दिसता, बोलला नसतात. तेच वाईट.

ते बघा, आलेच. माझ्यासाठी चहा घेऊन येतायत, बिनसाखरेचा, सांगावं लागत नाही त्यांना. मिस्त्री, पाना ठेवा खाली आणि त्या पलीकडच्या गाडीकडे जा जरा. नाही, उगाच नाही सांगत. जा ना. तुमच्यासमोर मला जमायचं नाही हे.

या, जावईबुवा. तो चहा ठेवा आधी. बसा.